पोट्टं बर्फात चाललंय, अडवू का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो आणि त्याचे दोन मित्र उत्तराखंडात केदारकंठा नावाच्या शिखरावर बर्फातल्या ट्रेकला चालले आहेत. तिघांपैकी कोणीच आजवर बर्फ पाहिलेला नाही. गाइड घ्यायचा नाही म्हणतात. वाट मोबाइलमध्ये आहे आणि तिथे गर्दीच एवढी असते की हरवायचा प्रश्नच नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलगा रोज अंबाझरीला धावतो, हाफ मॅरेथॉन पळालेला आहे. त्याचे बाबा म्हणतात, ‘सेहेचाळीस डिग्रीत वाढलेलं पोट्टं आहे, थंडीनं काय होते त्याला?’ माझ्या भावाने सोबत ब्रँडीची बाटली आणि कापराच्या पुड्या द्यायला सांगितलं आहे. नाही म्हटलं तर तो खोटं सांगून जाईल, हो म्हटलं तर माझा जीव टांगणीला. काय करू?
एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ताई,

नाही म्हणू नका. त्याचा परिणाम काय होईल ते तुम्हीच लिहिलंय. खोटं सांगून गेलेला मुलगा कोणत्या डोंगरावर आहे हेच घरी ठाऊक नसतं, आणि वर काही झालं तर शोधणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची हेही कळत नाही. पण ‘हो’ही फुकट देऊ नका. त्याला समोर बसवा, चहा द्या आणि काही प्रश्न विचारा. उत्तरं पटली तर जाऊ द्या. नाही पटली तर ‘अजून तयारी झाली नाही, फेब्रुवारीत जा’ असं म्हणा. तेव्हाही तिथे बर्फ असतोच.

प्रश्न विचारायचे म्हणजे तुम्हालाही थोडं माहीत हवं. केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशु विहार अभयारण्याच्या भागात आहे. उंची सुमारे ३८१० मीटर, ट्रेकवाल्यांच्या भाषेत साडेबारा हजार फूट. चालायला सुरुवात होते सांक्री गावातून, आणि ते गावच सुमारे १९५० मीटरवर आहे. आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे आपलं राज्य जिथे संपतं, त्याच्याही तीनशे मीटर वरून ही पोरं पहिलं पाऊल टाकणार. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर.

हिमालयातल्या हिवाळी ट्रेकची सुरुवात करायला केदारकंठा चांगला समजतात, आणि ते खरं आहे. वाट बरीचशी जंगलातून जाते, चढ तुलनेने सौम्य. फक्त ‘सोपा’ हे वर्णन स्वच्छ उन्हाच्या दिवसाचं असतं. तीच वाट ढगात, वाऱ्यात, गुडघाभर ताज्या बर्फात वेगळी होते, आणि कोणता दिवस वाट्याला येईल हे तिकीट काढताना कळत नाही.

आता बाबांच्या सेहेचाळीस डिग्रीबद्दल. उन्हाळा सोसायची आपल्या शरीराला सवय होते, घाम लवकर सुटायला लागतो, हे खरं. पण त्या सवयीचा थंडीत काडीचा उपयोग नाही. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर आला तेव्हा आपण सगळे शेकोट्या पेटवून बसलो होतो, आठवतं? वरच्या कॅम्पवर त्या दिवसांत रात्री पारा उणे आठ-दहापर्यंत उतरू शकतो. शिवाय पारा अर्धीच गोष्ट सांगतो. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. शिखराकडच्या शेवटच्या टप्प्यात झाडं संपतात आणि वाऱ्याला अडवणारं काही उरत नाही.

धावण्याबद्दलही एक गैरसमज काढायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. हाफ मॅरेथॉन पळालेल्या मुलाचे पाय चांगले, दम चांगला. पण उंचीचा त्रास पाय बघून येत नाही. ३८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि तगड्या माणसाला ते कमी लागतील असं अजिबात नाही. उलट तगडी पोरं भराभर चढतात, डोकं दुखलं तरी लपवतात, आणि म्हणून जास्त अडकतात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: सांक्रीत किती रात्री राहणार? त्याचं उत्तर ‘एक’ असणार, खात्रीने सांगते. जीटी एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीची बस डेहराडूनला, मग आठ-दहा तास घाटातली जीप आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चढायला सुरुवात. झोप नाही, पाणी कमी, जीपमध्ये उलट्या झालेल्या. वर पहिला मुक्काम बहुधा जुडा का तालाबच्या आसपास, म्हणजे सुमारे २८०० मीटरवर, आणि दुसरा बेस कॅम्पला सुमारे ३४०० वर. डॉक्टरांची साधी शिफारस अशी की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. नेहमीचा धावता कार्यक्रम ही मर्यादा ओलांडतो. बहुतेकांचं निभावतं, काहींचं नाही. एक जादा रात्र सांक्रीत, त्या दिवशी थोडं वर चढून परत खाली झोपायला येणं, एवढ्याने फार फरक पडतो. आणि तोच जादा दिवस हवामान बिघडलं तर थांबायला कामी येतो. या एका दिवसासाठी तुम्ही भांडा. बाकी कशासाठी नाही भांडलात तरी चालेल.

उंचीच्या त्रासाची सुरुवात डोकेदुखीने होते. सोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं. असं झालं की त्या रात्री आणखी वर जायचं नाही, हा नियम. आराम करूनही वाढत गेलं तर खाली उतरायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. बसल्या जागी धाप लागणं, थांबत नाही असा खोकला, गुलाबी फेस ही फुप्फुसांत पाणी उतरल्याची खूण. दारू प्यायल्यासारखं लडखडणं, असंबद्ध बोलणं ही मेंदूला सूज आल्याची. शंका आली तर सरळ रेषेत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत चालायला सांगायचं, तोल गेला तर वाद घालायचा नाही. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गार बोटावर काहीही आकडा दाखवतं, त्यामुळे आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवायचा. डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण ती तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. मुलाला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा काही त्रास असेल तर ते आधी सांगा.

भावाच्या कापराच्या पुड्यांचं सांगायचं तर देव्हाऱ्यात ठेवा. कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि ब्रँडी नकोच. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून ऊब आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता बाहेर वाहून जाते. वर झोपेतला श्वास आणखी उथळ होतो. भाऊ रागावले तर माझं नाव सांगा.

गाइडचा मुद्दा मोठा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

‘गर्दी असते’ हे मुलाचं म्हणणं खरं आहे. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत केदारकंठ्यावर माणसांच्या रांगा लागतात. पण बर्फात वाट दिसते ती आधीच्या लोकांच्या पावलांमुळे. दोन तास बर्फ पडला, वारा सुटला की पावलं बुजतात आणि समोर फक्त पांढरं उरतं. त्या वेळी गर्दी मदतीला येत नाही, गर्दीही चुकते, आणि चुकलेल्या रांगेच्या मागे सगळे जातात. मोबाइलचा नकाशा चांगलाच, पण कडाक्याच्या थंडीत बॅटरी बघता बघता उतरते आणि फोन अचानक बंद पडतो. फोन अंगाच्या कपड्यांच्या आत ठेवायचा, पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचं, हे त्याला सांगा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं यंत्र ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर तोही सोडायला लावा. आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

तेव्हा गाइड हवाच. वनविभागाची परवानगी तशीही लागते आणि सांक्रीच्या स्थानिक माणसांना ती वाट अंधारात ठाऊक असते. पण ‘गाइड घेतला’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातच सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि त्यातले ९ जण गेले. महिना जूनचा होता, सोबत स्थानिक गाइड होते. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलन झालं तेव्हा त्यात सापडलेले लोक उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते. १९६५ पासून माणसं घडवणारी देशातली नामवंत संस्था ती. २९ जण गमावले गेले. केदारकंठ्याची वाट त्या शिखरासारखी नाही, घाबरवायला हे सांगत नाही. सांगायचं इतकंच की अनुभवी माणूस सोबत असला की धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय गाइडने थांबा म्हटल्यावर थांबणारी माणसं मागे असावी लागतात.

म्हणून ट्रेक कंपनी निवडताना मुलाने एक प्रश्न जरूर विचारावा, आणि तुम्ही फोनवर शेजारी बसून उत्तर ऐका. ‘तिघांपैकी एक आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार, आणि तेव्हा उरलेल्या दोघांबरोबर कोण राहणार?’ एकच गाइड असेल तर उत्तर निघत नाही. तो आजाऱ्याला घेऊन उतरला की दोन नवखी पोरं बर्फात एकटी. किमान दोन स्थानिक माणसं हवीत, किंवा मोठ्या गटात जावं जिथे पुढे एक आणि सर्वांत मागे एक असतो. नेता कोणत्या संस्थेतून शिकलाय, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, कॅम्पवर मोठा ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचर असतो का, हेही विचारा. जो चिडून ‘मॅडम, काही होत नाही हो’ म्हणेल त्याला पैसे देऊ नका. सर्वांत स्वस्त कोण, हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी.

जोरदार बर्फवृष्टी झाली तर पुढचे २४ ते ४८ तास उघड्या उतारांपासून लांब राहायचं. हिमस्खलनं बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर आणि ताज्या बर्फाच्या ओझ्याने होतात. डीआरडीओची चंडीगडची संस्था, डीजीआरई, हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. ते आणि हवामान खात्याचा अंदाज निघण्याआधी आणि सांक्रीत पोचल्यावर बघायचा. इथेच तो जादा दिवस उपयोगी पडतो.

आता बॅग, म्हणजे तुमचं राज्य. आधी कपाटातले सुती कपडे बाजूला काढा. बनियन, जीन्स, टी-शर्ट, सगळं. नागपुरात सुती कपडा सुख आहे, बर्फात तो शत्रू. चढताना घाम येतो, सुती कपडा तो पिऊन घेतो, आणि थांबल्याबरोबर ती ओल अंगाची ऊब ओढून नेते. अंगाला लागून पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट कॅम्पवर आणि थांबल्यावर घालायला. चढताना ते घालून घाम काढणारे पाहिले की मला कसंतरीच होतं. चढाला सुरुवात करताना जरा थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजावं.

तुम्ही विणलेला स्वेटर असेल तर मुलगा लाजत असला तरी द्या. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. माकडटोपीलाही हसू नका म्हणावं. कान, मान, गाल एकाच वेळी झाकणारी दुसरी चीज नाही. आपल्याकडे हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटरांचे स्टॉल लागतात तिथे मोजे आणि टोप्या चांगल्या मिळतात. तिथे घासाघीस करा, बुटांच्या बाबतीत नको. बूट पाणी न शिरणारे, घोट्याच्या वर जाणारे, जाड मोजा घालूनही बोटं हलतील इतके सैल हवेत. घट्ट बुटात रक्त पोचत नाही आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो. बूट आत्ताच घ्या आणि महिनाभर वापरायला लावा. नवाकोरा बूट थेट बर्फात न्यायचा नाही. बुटांना खालून अडकवायचे लोखंडी दात, म्हणजे मायक्रोस्पाइक, आणि पिंडऱ्यांवर बांधायची आवरणं, म्हणजे गेटर, ट्रेक कंपन्या किंवा सांक्रीतली दुकानं भाड्याने देतात. हातमोज्यांच्या दोन जोड्या, आतला पातळ आणि बाहेरचा जाड. एक कोरडी मोज्यांची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, फक्त झोपताना घालायला. कितीही मोह झाला तरी ती दिवसा पिशवीबाहेर काढायची नाही.

गॉगल हा शौक नव्हे. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, आणि दर हजार मीटरला ती किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. गॉगल नसला तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उघडवत नाहीत. ढगाळ दिवसातही होतं. सिताबर्डीच्या फुटपाथवरचा काळा चष्मा चालणार नाही, यूव्ही ४०० लिहिलेला आणि बाजूनेही झाकणारा हवा.

खाण्याची चिंता तुम्ही करालच. तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-खोबरं, खजूर हे खिशात ठेवण्यासारखं, चालता चालता खाता येतं. वर भूक मरते तेव्हा ओळखीची चव गळ्याखाली उतरते. संत्री मात्र नेऊ नका, वजन होईल आणि रात्रीत गोठतील. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. थंडीत तहान लागत नाही म्हणून ठरवून प्यावं लागतं. बाटली रुंद तोंडाची आणि पिशवीत उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठायला लागतं, उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं. बर्फ चोखून तहान भागवायची नाही, तो वितळवायला शरीराचीच ऊब जाते.

तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, अंगीठी, गॅस स्टोव्ह पेटवून झोपायचं नाही. हे त्याला दोनदा सांगा, मित्रांनाही सांगा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

तिघांनाही एकमेकांकडे बघायला शिकवा. थंडीने शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली जायला लागलं की माणसाला स्वतःला ते कळत नाही, शेजारच्याला कळतं. आधी जोरात कुडकुडणं, मग चेन लावता न येणं, शब्द जडावणं, पाय अडखळणं, उगाच चिडणं किंवा एकदम गप्प होणं. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं नाही, ती बिघडल्याची खूण आहे. शेवटी शेवटी तर काहींना उकडतंय असं वाटून ते कपडे काढायला लागतात. असं दिसलं की वाऱ्याच्या आड न्यायचं, ओले कपडे काढून कोरडे घालायचे, स्लीपिंग बॅगेत घालायचं, आणि पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड पाणी. हातपाय चोळायचे नाहीत. बोटं पांढरी, मेणासारखी, बधिर झाली तर बर्फाने चोळणं किंवा शेकोटीवर धरणं दोन्ही चूक. बधिर बोटाला चटका कळत नाही. काखेत धरून ऊब द्यायची, फोड आले तर डॉक्टर.

तयारीला अजून वेळ आहे. अंबाझरीचं सपाट धावणं चालू ठेवू दे, पण आठवड्यातून दोनदा रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या, पाठीवर आठ-दहा किलोची पिशवी घेऊन. चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष. घसरणं, मुरगळणं बहुतेक उतरतानाच होतं, जेव्हा शिखर झालेलं असतं आणि लक्ष उडालेलं असतं. एक शनिवार-रविवार चिखलदऱ्याला जाऊन पहाटेच्या अंधारात हेडलॅम्प लावून चालले तरी बरंच शिकतील. उतरताना बर्फावर बसून घसरगुंडी करायची टूम आहे, व्हिडिओ पाहिले असतीलच. पायात मायक्रोस्पाइक असताना ती करायची नाही, दात बर्फात अडकतो, शरीर पुढे जातं आणि घोटा मोडतो. गोठलेल्या तलावावर फोटोसाठी चालत जाणंही नको, वरून सगळा बर्फ सारखाच दिसतो.

आता तुमच्या हातातली खरी गोष्ट.

शिखराच्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास अंधारात निघतात. कारण सकाळी बर्फ टणक असतो, हवा बहुधा शांत असते. उन्हं चढली की बर्फ मऊ पडतो, पाय खोल जातात, दुपारी ढग येतात, आणि डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून परत फिरायची वेळ आधी ठरवलेली असते. कितीही वाजता पोचू, असं नाही. ठरलेल्या वेळेला शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं. हे बेस कॅम्पवर चहा पिताना सगळ्यांना पटतं. शिखर दोनशे मीटरवर दिसत असताना कोणालाच पटत नाही. मनात काय चालतं? सुट्टी मिळवली, पैसे घातले, मित्रांना सांगून आलो, इन्स्टाग्रामवर टाकून आलो. आता रिकाम्या हाताने गेलो तर लोक काय म्हणतील?

ते लोक म्हणजे तुम्ही घरचे. निघायच्या आदल्या दिवशी त्याला सांगा, ‘शिखर न होता परत आलास तरी मी पैशांचा हिशेब विचारणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जा, अर्धे मी देईन.’ अर्धे द्यायचे नसतील तर नका देऊ, पण पहिलं वाक्य नक्की म्हणा. बाबांनाही सांगा, भावाला तर बजावून सांगा, की फोन लागला की पहिला प्रश्न ‘टॉपला पोचला का?’ हा करायचा नाही. जेवला का, झोपला का, डोकं दुखतं का, एवढंच. हेच त्याच्या दोन मित्रांच्या आयांनाही फोन करून सांगा. तिघांपैकी एकाच्या घरी जरी ‘करूनच ये’ असं सांगितलं गेलं, तरी तोच बाकी दोघांना वर ओढतो. तिघांनी निघण्याआधीच एकमेकांत ठरवावं की कोणा एकाने ‘परत’ म्हटलं तर कारण न विचारता तिघंही वळणार. डोकेदुखी लपवणारा बहुधा सगळ्यात गप्प मुलगा असतो, असं ठरलेलं असलं की त्याला बोलायला सोपं जातं.

शेवटी फोनचं. सांक्रीच्या वर नेटवर्क गृहीत धरू नका. दोन-तीन दिवस काहीच कळणार नाही, आणि ते दिवस तुम्हाला काढावे लागतील. म्हणून एका कागदावर लिहून घ्या: कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, सांक्रीला परत कधी, ट्रेक कंपनीचा नंबर, गाइडचा नंबर, सांक्रीतल्या होमस्टेचा नंबर, मित्रांच्या घरचे नंबर. आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची, ती वेळही. त्याआधी कोणी कोणाला फोन करून घाबरवायचं नाही. नागपुरातून ११२ फिरवला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात लागतो, उत्तराखंडात नाही. म्हणून उत्तरकाशीच्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा कोडसकट लँडलाइन नंबर मुलालाच शोधायला लावा आणि जाण्यापूर्वी एकदा लावून बघा, कोणी उचलतं की नाही ते. कागदाची एक प्रत फ्रिजवर, एक बाबांच्या पाकिटात.